भाच्याला जी लीगमध्ये खेळायचंय: पैसा, शरीर आणि वेटिंग लिस्ट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. भाचा न्यू जर्सीत जन्मलेला बास्केटबॉलपटू, सहा फूट सहा इंच, एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन दोनमधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या, कॉलेजातून यंदा पदवी घेऊन बाहेर पडलाय. सॉफ्टवेअरची नोकरी हातात आहे, पण तो म्हणतो जी लीगचं ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, देणार. जी लीग म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगच्या खालची, एनबीए संघांशी जोडलेली लीग. नागपूरला आजी-आजोबा हवालदिल, तिकडे तुमच्या बहिणीची झोप उडालीय. पगार किती, आयुष्य कसं आणि यातून खरंच कुणी एनबीएला जातं का, हे ताईंना समजेल असं सांगा, असं तुमचं म्हणणं.

मी खेळाडू नाही. पुण्यात फिजिओथेरपी शिकले, मग अमेरिकेत अॅथलेटिक ट्रेनिंगची पदव्युत्तर पदवी घेतली आणि जी लीगच्या एका संघाबरोबर सहा हंगाम काढले. घोटे बांधायचे, गुडघे सैल करायचे, बर्फाचे टब भरायचे आणि विमानतळावर बॅगा मोजायच्या, हे माझं काम. टेपिंगच्या टेबलावर पडल्या पडल्या माणसं जे बोलतात ते प्रशिक्षकासमोर बोलत नाहीत. माझा अधिकार तेवढाच.

आधी आकडा, कारण आपल्या घरांत तोच आधी विचारतात. २०२४-२५च्या हंगामात जी लीगच्या साध्या कराराचा पगार ४३,००० डॉलर होता. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, पुढे गेलात तर एप्रिल. राहायला जागा संघ देतो, बहुतेक वेळा दोघांत एक अपार्टमेंट. आरोग्यविमा असतो, दौऱ्यावर जेवणाचा भत्ता असतो. रुपयांत गुणाकार केला की नागपुरात बरं वाटेल, पण करू नका. कर कापून जे उरतं त्यात वर्षाचे उरलेले सात महिने काढायचे असतात, आणि त्या सात महिन्यांतला जिम, सरावाचा कोर्ट, चेंडू बास्केटमध्ये टाकण्याचा नेम सुधारून घेणारा खासगी प्रशिक्षक, हे सगळं ज्याचं त्याने बघायचं. तरी हे दिवस चांगले म्हणायचे. २०१५च्या सुमारास खेळाडूंचे ए, बी, सी असे वर्ग होते आणि सी वर्गाला पूर्ण हंगामाचे १३,००० डॉलर मिळत. २०२० साली खेळाडूंनी संघटना बांधली, त्यानंतर पगारही हलले.

आता दुसरा आकडा. एनबीएत दहा दिवसांचा करार असतो. ५ जानेवारीपासून संघ असे करार करू शकतात. एका खेळाडूला एकाच संघाकडून एका हंगामात असे दोन करार, त्यानंतर एक तर उरलेल्या हंगामासाठी घ्या नाहीतर सोडा. २०२४-२५मध्ये नवख्या खेळाडूला या दहा दिवसांचे सुमारे ६६,५०० डॉलर मिळत. म्हणजे जी लीगच्या अख्ख्या हंगामाच्या दीडपट, दहा दिवसांत, आणि तेही बाकावर बसून राहिलं तरी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शहाणीसुरती पोरं तीस वर्षांची होईपर्यंत तिथे का थांबतात ते कळेल.

मधली एक पायरी आहे, टू-वे करार. तो २०१७मध्ये आला. खेळाडू जी लीगमध्येही खेळतो आणि मूळ एनबीए संघाबरोबर ५० सामन्यांपर्यंत उभाही राहू शकतो. पगार एनबीएच्या नवख्या खेळाडूच्या किमान वेतनाच्या निम्मा, २०२४-२५मध्ये सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर. प्रत्येक एनबीए संघाकडे अशा तीन जागा असतात. ताईंना सांगताना रेल्वेचं उदाहरण द्या, मी माझ्या आईला तेच दिलं होतं. एनबीएचा खेळाडू म्हणजे कन्फर्म तिकीट. टू-वे म्हणजे आरएसी, बूड टेकायला जागा मिळाली, झोपायची खात्री नाही. आणि साधा जी लीगचा करार म्हणजे वेटिंग लिस्ट. गाडीत शिरलेला आहे, दाराशी उभा आहे, टीसी चांगला आहे.

वेटिंग लिस्ट पुढे सरकते ती कुणीतरी तिकीट रद्द केलं म्हणून. हे मला कळायला दोन हंगाम लागले. आधी मलाही वाटायचं की जो सगळ्यात जास्त गुण करतो त्याला वर बोलावतात. आमच्याकडे एक गार्ड होता, सामन्याला पंचवीसच्या आसपास गुण करायचा, आणि वर्षभर त्याचा फोन वाजला नाही. त्याच संघातला सात-आठ गुण करणारा एक लांब हातांचा फॉरवर्ड जानेवारीत दहा दिवसांसाठी गेला. कारण एवढंच की एका एनबीए संघात त्याच आठवड्यात त्याच जागेवरचे दोघे जायबंदी झाले होते आणि त्यांना बचाव करणारा, कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारणारा, चेंडू न मागणारा माणूस हवा होता. चेंडू मागणारे त्यांच्याकडे आधीच होते, आणि त्यांना वर्षाला कोट्यवधी डॉलर मिळत होते.

आपल्याकडे हे क्रिकेटवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना खेळले नाहीत. त्यांच्या धावांत खोट नव्हती. मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, गांगुली, लक्ष्मण बसले होते आणि त्यांपैकी कुणी उठत नव्हतं.

बास्केटबॉलमध्ये एका रात्रीत तारा झालेल्या जेरेमी लिनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिचा पहिला भाग कुणी सांगत नाही. न्यूयॉर्क निक्स या एनबीए संघाने डिसेंबर २०११मध्ये त्याला घेतलं ते त्यांचा गार्ड इमान शम्पर्ट दुखावला म्हणून. २० जानेवारी २०१२ला लिन पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावाच्या संघाकडून डी लीगचा सामना खेळत होता (जी लीगचं तेव्हाचं नाव डी लीग). तिथे २८ गुण, ११ रिबाउंड (हुकलेला चेंडू मिळवणं), १२ असिस्ट (गुण करून देणारा पास). दोन आठवड्यांनी, ४ फेब्रुवारीला, त्याने न्यू जर्सी नेट्सविरुद्ध २५ गुण केले आणि पुढचं सगळ्या जगाने पाहिलं. म्हणून माझ्या व्यवसायात एक विचित्र अवघडलेपण असतं. मी इथे एका पोराचा घोटा जपत असते, आणि त्याचं घरभाडं निघायचं तर हजार मैलांवर दुसऱ्या कुणाचा तरी घोटा मुरगळावा लागतो. रात्री एनबीएच्या दुखापतींच्या बातम्या येऊ लागल्या की आमच्या बसमध्ये एक वेगळीच शांतता पसरायची. मोठ्याने कुणी काही म्हणत नसे. सगळे फोनची चार्जिंग बघत.

आता दिवस कसा जातो ते. सकाळी नाश्ता, टेपिंग, व्हिडिओ, सराव, वजनं. दुपारी एकपर्यंत काम संपतं. त्यानंतरचे दहा-बारा तास खायला उठतात. ज्या गावात आम्ही होतो तिथे जानेवारीत नाकातला ओलावा गोठायचा, आणि संघातल्या निम्म्यांकडे गाडी नव्हती. व्हिडिओ गेम, झोप, चिकन-भात, आणि लहान मूल असलेल्यांचे फोनवरचे लाडिक आवाज. मुलाने पहिलं पाऊल टाकलेलं मोबाइलच्या पडद्यावर बघणारे बाप मी पाच-सहा तरी पाहिले.

प्रवास हा वेगळाच धडा. एनबीएचे संघ स्वतःच्या चार्टर विमानाने फिरतात, जी लीगचे साध्या प्रवासी विमानाने. पहाटे चारला लॉबीत, सहाचं विमान, मध्ये एक बदली, दुपारी हॉटेल, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सामना. मेन राज्यातल्या पोर्टलंडहून टेक्सासच्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एडिनबर्गला जायचं म्हणजे दिवस गेला. सहा फूट दहा इंचाच्या माणसाला मधली सीट मिळाली की त्याच्या मांडीचे मागचे स्नायू काय होतात ते मला संध्याकाळी टेबलावर कळायचं. आपत्कालीन दाराजवळच्या मोकळ्या सीटा ज्येष्ठतेने वाटल्या जायच्या आणि त्यावरून झालेली भांडणं सामन्यातल्या भांडणांपेक्षा कडू असायची.

एक मजेची गोष्ट सांगते. हंगामात एखादा सामना भर सकाळी साडेदहा-अकराला असतो, खास शाळांसाठी. चार-पाच हजार पोरं पिवळ्या बसमधून येतात आणि दोन तास अखंड किंचाळतात. एरवी मंगळवारी रात्री सातशे माणसं असलेल्या हॉलमध्ये खेळणाऱ्या पोरांना त्या एका सकाळी आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. सामना संपल्यावर स्वाक्षरीसाठी रांग लागते. ज्याची सही घेतात त्याचं नाव त्या पोरांना माहीत नसतं, आणि त्यालाही ते माहीत असतं.

शरीराबद्दल बोलले नाही तर माझं उत्तर अर्धं राहील. सगळ्यात जास्त घोटे, बाहेरच्या बाजूला मुरगळलेले. मग गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, ज्याला उडी मारणाऱ्यांचा गुडघा म्हणतात. तो एका दिवसात दुखावत नाही, महिनोन्‌महिने कुरकुरतो. आणि पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाला जाणारी चीर, तिची सगळ्यांना धास्ती, कारण ती नीट भरून येता येत नाही आणि बऱ्याचदा स्क्रू घालावा लागतो. एनबीए संघाकडे शरीर सांभाळायला अख्खी फौज असते. आमच्याकडे मी, एक स्ट्रेंथ कोच आणि गरज लागेल तसे येणारे डॉक्टर.

खरी अडचण दुखण्याची नसते, लपवण्याची असते. दरवर्षी डिसेंबरात शोकेस होते, लीगचे सगळे संघ एका ठिकाणी, आधी काही वर्षं लास व्हेगास, अलीकडे ऑरलँडो. एनबीएचे निवडकर्ते आणि परदेशी क्लबांची माणसं तिथे बसलेली असतात. एका शोकेसच्या आदल्या रात्री एक पोरगा माझ्याकडे आला, घोटा वांग्यासारखा. म्हणाला, घट्ट बांध, कोचला सांगू नकोस. मी कोचला सांगितलं. तो खेळला नाही, आणि पुढचे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत त्याचं नशीब फळफळलं असतं का? माहीत नाही. घोटा मात्र फेब्रुवारीत धड होता. अजूनही कधी कधी मी त्या रात्रीचा हिशोब मांडते आणि दर वेळी तोच येतो, पण मांडायची थांबत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कळत नाही. पोरगा फोनवर सांगतो, ‘आज चारच मिनिटं खेळलो,’ आणि आई म्हणते, मग मेहनत कर. मिनिटं त्याच्या मेहनतीवर फारशी नसतात. एनबीए संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सरावासाठी खाली पाठवला की त्याला तीस मिनिटं द्यायची, असा वरून निरोप येतो. त्या रात्री कुणाची तरी तीस मिनिटं गेली. प्रशिक्षकाचाही इलाज नसतो, कारण तोही वेटिंगवरच असतो. टोरँटोला एनबीएचं २०१९चं विजेतेपद मिळवून देणारे निक नर्स आधी आयोवा आणि रिओ ग्रँड व्हॅलीच्या डी लीग संघांचे प्रशिक्षक होते. पंचसुद्धा इथूनच वर जातात. त्या हॉलमध्ये पॉपकॉर्नवाला सोडला तर प्रत्येक जण कुणाच्या तरी फोनची वाट बघत असतो.

तर ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, जातात. एनबीए हंगामाच्या सुरुवातीला संघात असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी कधी ना कधी जी लीग पाहिलेली असते. पण त्यात वरून खाली सरावाला पाठवलेली मुलंही धरलेली असतात, म्हणून तो आकडा ऐकून हुरळू नका. ट्रायआउटमधून आलेल्याचं उदाहरण हवं तर जोनाथन सिमन्स. २०१३मध्ये त्याने १५० डॉलर फी भरून ऑस्टिनच्या संघाचं खुलं ट्रायआउट दिलं, दोन वर्षं तिथे काढली आणि २०१५मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला. हे उदाहरण प्रत्येक ट्रायआउटच्या दिवशी प्रत्येक पोराच्या तोंडी असतं. दशकभर तेच एक नाव ऐकू येतं, यावरून काय ते समजा. एका ट्रायआउटला शंभराच्या आसपास माणसं येतात, त्यातल्या मोजक्यांना संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं येतं आणि शिबिरातून संघात शिरणारा एखादाच.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं, आंद्रे इन्ग्रॅमचं. भौतिकशास्त्राची पदवी, केसांत पांढरं, फावल्या वेळात मुलांना गणित शिकवणारा. डी लीग आणि जी लीग मिळून दहा हंगाम, ३८४ सामने. १० एप्रिल २०१८ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एनबीएच्या लेकर्स संघाने हंगामातले शेवटचे दोन सामने उरले असताना त्याला खेळवलं. ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण, तीन गुणांचे पाचपैकी चार फटके आत. लॉस एंजेलिसचं अख्खं स्टेडियम उभं. लोक ही गोष्ट ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणून सांगतात. मी ती ऐकते तेव्हा मला त्या दहा हंगामांतली गणिताची शिकवणी दिसते. ती नसती तर तो सहाव्या वर्षीच घरी गेला असता.

युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स हा दुसरा रस्ता. तिथे पगार बहुतेक वेळा जी लीगपेक्षा बरा, घर आणि कधी गाडीही मिळते. पण जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत बसलेल्याला एनबीए संघ मंगळवारी फोन करून बुधवारी बोलावत नाही. जी लीगमधल्या साध्या करारावरच्या खेळाडूला मात्र तीसपैकी कुठलाही एनबीए संघ उचलू शकतो, फक्त मालक संघच नव्हे. म्हणजे दाराजवळ उभं राहायचं तर पैसे कमी, पैसे हवे तर दारापासून लांब. दर जूनमध्ये माझ्या टेबलावर हीच चर्चा. परदेशात काही क्लब पगार थकवतात, तेव्हा करारात जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाचं कलम आहे ना, हे एजंटला विचारायचं. आमच्याकडचा एक जण पूर्व युरोपात तीन महिने बिनपगारी खेळून परत आला, कारण त्याचा करार इंग्रजीत दोन पानी आणि स्थानिक भाषेत अकरा पानी होता.

भारतीय नावं विचाराल तर आहेत, आणि सगळी याच पायरीशी अडलेली. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५मध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, एनबीएच्या निवडीत आलेला पहिला भारतीय, पण खेळला तो टेक्सास लेजेंड्सकडून, डी लीगमध्ये. अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे होता. प्रिन्सपाल सिंग जी लीग इग्नाइटमध्ये. हे तिघे भारताच्या राष्ट्रीय संघातही खेळले. तुमच्या भाच्याला तो पर्याय नाही, कारण अमेरिकन पासपोर्टवर, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) असलं तरी, भारताकडून खेळता येत नाही, हा २००८पासूनचा सरकारी नियम आहे. आणि आपल्याकडच्या चांगल्या बास्केटबॉलपटूंना रेल्वेत, पोलिसांत, बँकेत खेळाच्या कोट्यातून जशी कायमची नोकरी मिळते तशी सोय तिकडे कुठेच नाही. तिशीत करार संपला की संपला.

आता माझं मत, विचारलंत म्हणून. जाऊ द्या, पण हिशोबाने. सॉफ्टवेअर कंपनीला रुजू होण्याची तारीख एक वर्ष पुढे ढकलता येते का ते त्याने आधी लेखी विचारावं. काही कंपन्या देतात. ट्रायआउटमधून शिबिराचं बोलावणं आलं नाही तर यंदाचा विषय तिथेच संपला, नोकरी धरायची. बोलावणं आलं आणि संघात राहिला तर दोन हंगाम. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी टू-वे किंवा परदेशातला धड करार हातात नसेल तर परत. हे आकडे शास्त्रीय नाहीत, माझ्या टेबलावरून दिसलेले आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जी पोरं ‘अजून एकच’ म्हणत आली, त्यांच्या चेहऱ्यावर काय उतरायचं ते मी रोज सकाळी बघायचे.

आणि त्याने आधी स्वतःला एक विचारावं: वर बोलावलंच तर कशासाठी? डिव्हिजन दोनमध्ये तो गुण करणारा असेल, चेंडू त्याच्याच हातात असेल. सहा फूट सहाचा, गुण करणारा, असे जगात ढिगाने आहेत. डंकन रॉबिन्सनने सुरुवात डिव्हिजन तीनच्या विल्यम्स कॉलेजातून केली, मग मिशिगन, मग २०१८मध्ये मायामीचा टू-वे आणि मायामीच्या जी लीग संघाच्या गावचा, स्यू फॉल्सचा, गोठलेला हिवाळा. त्याच्याकडे एकच गोष्ट होती, लांबून फटका. २०२१मध्ये त्याने मायामीशी पाच वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार केला. भाच्याला ती एक गोष्ट कोणती हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ट्रायआउटच्या दिवशी समोर वही घेऊन बसलेल्या माणसालाही ती दिसणार नाही.

ट्रायआउटला अजून काही महिने आहेत असं धरते. आजपासून रोज दात घासताना त्याने एका पायावर उभं राहावं, डोळे मिटून, तीस सेकंद, मग दुसरा पाय. आठवड्याने पायाखाली घडी घातलेला टॉवेल. डावा घोटा कॉलेजात दोनदा मुरगळलाय असं तुम्ही लिहिलंय, तर त्याला म्हणावं, त्या पायावर दुप्पट वेळ.